स्मोकी आय: धूर कडेला असतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. नणंदेच्या लग्नाचे रिसेप्शन जूनच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी, विलेपार्ल्याला आहे. साडी अंजिरी रंगाची, जरीच्या काठाची. तुमची त्वचा गव्हाळ आणि तेलकट असून पापणीची घडी खाली उतरलेली आहे, त्यामुळे डोळे उघडताच पापणीवरचा रंग दिसेनासा होतो. नेहमी चष्मा असतो, पण त्या दिवशी कॉन्टॅक्ट लेन्स लावणार आहात. आजवर तीनदा घरी स्मोकी आय, म्हणजे डोळ्याभोवती धुरासारखी विरत जाणारी गडद सावली, करून पाहिले, तिन्ही वेळा दोन तासांच्या आत डोळ्यांखाली काळे उतरले आणि शेवटच्या वेळी तर जाऊबाईंच्या मुलाने "काकू, डोळ्याला लागलं का?" असे विचारले. नेमके कुठे चुकते, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

गेली बावीस वर्षे मी मुंबईत रंगभूषेचे काम करते आहे. सुरुवात नाटकांच्या मेकअप रूममध्ये झाली आणि नंतर बहुतेक काळ लग्नसमारंभांत गेला. या वर्षांत बिघडलेले जे स्मोकी आय माझ्याकडे दुरुस्तीला आले, त्यांतील बहुसंख्य डोळ्यांवर रंग चांगलाच होता आणि हातही फार वाईट नव्हता. चूक एकाच ठिकाणी होती: काळा रंग जिथे संपतो तिथे तो कसा संपतो, याकडे लक्ष दिलेले नव्हते. देवघरात ऊद जाळला की निखाऱ्याजवळ धूर दाट असतो, वर जाताना विरळ होत जातो आणि तो नेमका कुठे संपला हे कोणालाही बोट ठेवून सांगता येत नाही. पापणीवर हेच घडवायचे आहे. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी सर्वांत गडद, घडीच्या आसपास मध्यम आणि भुवईच्या खाली जाईपर्यंत नुसता भास. काळा रंग किती लावला यावर स्मोकी आय ठरत नाही, त्याची कड किती विरघळली यावर ठरते. जाऊबाईंच्या मुलाला डोळ्याला मार लागल्यासारखे वाटले, कारण मुका मार लागल्यावर त्वचेवर दिसतो तसा गडद आणि ठळक सीमा असलेला डाग त्याला दिसला.

हा प्रकार आपल्याला परका नाही. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून काजळी धरायची, ती तुपात खलायची आणि बोटाने डोळ्यांत घालायची, ही घराघरांतली रीत होती. ते काजळ तासाभरात आपोआप थोडे पसरे आणि डोळ्याभोवती एक मऊ सावली येई. पाश्चात्त्य फॅशनमध्ये ही सावली विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मूकपटांबरोबर रुजली. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्यावर इजिप्तचे जे वेड पसरले, त्यानेही काळ्या रेखीव डोळ्यांच्या आवडीत भर घातली. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे चेहऱ्यावरची लाली आणि ओठ पडद्यावर काळपट येत. रंगांवर भरवसा ठेवता येत नसल्याने चेहरा गडद-फिकट छटांमध्येच रंगवावा लागे आणि डोळे उठून दिसण्यासाठी त्यांच्याभोवती दाट सावली भरली जाई. म्हणजे ही मुळात छायाप्रकाशाची कला आहे, हे लक्षात ठेवले तर पुढचे सर्व नियम आपोआप समजतात.

आता पहिला प्रश्न टिकण्याचा, कारण मुंबईत तोच सर्वांत कठीण आहे. आपल्याकडे मान्सून सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे तुमचा समारंभ नेमका त्याआधीच्या, सर्वांत चिकट दिवसांत आहे. काजळ घामाने उतरते असे बहुतेकींना वाटते आणि म्हणून त्या वॉटरप्रूफ उत्पादने घेतात. घाम म्हणजे मुख्यतः पाणी, आणि वॉटरप्रूफ काजळ पाण्याला चांगले तोंड देते. ते हार मानते तेलापुढे. काजळ आणि मस्कारा मेण आणि तेलांच्या आधारावर बनलेले असतात, त्यामुळे त्वचेचे स्वतःचे तेल, डोळ्यांखालचे क्रीम, सनस्क्रीन किंवा ओलसर कन्सीलर (डाग झाकणारे क्रीम) यांच्या संपर्कात आले की ते हळूहळू विरघळतात आणि पापणी मिटेल तिथे छाप उठवतात. ही गोष्ट मी एका प्रसंगातून शिकले. मे महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये रिसेप्शन होते. नवरीच्या डोळ्यांखालची त्वचा कोरडी दिसू नये म्हणून मी भरपूर क्रीम लावले होते. साडेआठच्या सुमारास तिच्या आईने स्टेजवरून मला खूण केली. जाऊन पाहिले तर दोन्ही डोळ्यांखाली राखाडी रंगाची एकेक चंद्रकोर उमटली होती. काजळ उत्तम प्रतीचे होते आणि हॉलमध्ये एसीही चालू होता. दोष माझ्या क्रीमचा होता, आणि त्या मुलीच्या त्या अर्ध्या तासाच्या छायाचित्रांत तो कायमचा राहिला. त्या दिवसापासून डोळ्यांच्या आसपास लावलेली प्रत्येक तेलकट गोष्ट मी टिपून घेते.

म्हणून तयारी अशी करा. मेकअपला बसण्याच्या तासभर आधी चेहरा धुऊन हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर लावा आणि ते पापणीवर नेऊ नका. बसताना टिश्यू पेपरचा एक पदर पापणीवर आणि डोळ्यांखाली नुसता दाबून उचला. टिश्यूवर पारदर्शक डाग दिसला तर दुसरा पदर घेऊन पुन्हा टिपा. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधीच लावा, कारण नंतर लावताना बोटांवरची पावडर लेन्सवर जाते आणि डोळ्यांत पाणी येऊन केलेले सर्व वाहून जाते. मग आयशॅडो प्रायमर, म्हणजे पापणीवरचा रंग धरून ठेवणारा आधीचा थर, मुगाच्या दाण्याएवढा घ्या, तो दोन्ही डोळ्यांना पुरतो. अनामिकेने थापटत भुवईच्या खालपर्यंत पसरा, कारण त्या बोटाचा दाब सर्वांत कमी पडतो. दोन मिनिटे थांबा. प्रायमर नसेल तर कन्सीलरचा अगदी पातळ थर चालतो, पण जाड थर घडीत गोळा होतो आणि तुमच्यासारख्या उतरलेल्या घडीत तर तासाभरात रेघ पडते. पापणीवर काळसरपणा असेल तर पीच रंगाचा करेक्टर आधी अगदी थोडा लावा, मात्र सगळा काळसरपणा झाकण्याच्या मागे लागू नका, कारण आपण तिथे पुढे गडद रंगच लावणार आहोत.

यानंतरची एक बारीक गोष्ट क्वचितच कोणी सांगते. प्रायमर सुकल्यावर त्वचेच्या रंगाची मॅट, म्हणजे चमक नसलेली, आयशॅडो फुललेल्या केसांच्या फ्लफी ब्रशने घडीपासून वर भुवईपर्यंत फिरवा, पण घडीच्या खालची पापणी तशीच, किंचित चिकट राहू द्या. वरच्या भागात पावडर असल्यामुळे ब्रश तिथे सहज घसरतो आणि रंग विरघळतो. खालच्या भागात चिकटपणा असल्यामुळे गडद रंग जिथे लावला तिथेच धरून राहतो. एकाच पापणीवर दोन वेगळ्या जमिनी तयार होतात आणि अर्धे काम तिथेच सोपे होते.

फाउंडेशन अजून लावायचे नाही. गडद रंगाचे कण लावताना गालांवर झडतात, याला आम्ही फॉलआउट म्हणतो, आणि फाउंडेशनवर पडलेले काळे कण पुसायला गेलात की ते चोळले जाऊन राखाडी पट्टा उमटतो. आधी डोळे पूर्ण करा, मग मायसेलर वॉटरमध्ये (मेकअप काढायच्या पाण्यात) भिजवलेल्या कापसाने डोळ्यांखालचा भाग स्वच्छ पुसा आणि नंतर चेहऱ्याकडे वळा. आधी चेहरा आणि मग डोळे हा क्रम नाजूक मेकअपला चालतो, इथे चालत नाही.

ब्रश चारच लागतात: घडीसाठी मऊ फ्लफी ब्रश, रंग दाबण्यासाठी चपटा ब्रश, केसांच्या मुळाशी काम करण्यासाठी टोकदार पेन्सिल ब्रश आणि एक कोरा फ्लफी ब्रश, ज्याला संपूर्ण वेळ कोणताही रंग लागू द्यायचा नाही. हा चौथा ब्रश सर्वांत महत्त्वाचा आहे. बाकी तीन स्वस्तातले असले तरी चालतील, पण हा खरोखर मऊ घ्या. रंगही चारच पुरेत. तुमच्या साडीसाठी मी चहासारखा उबदार तपकिरी, गडद चॉकलेटी, वांगी आणि काळा असे मॅट रंग घेईन, आणि जोडीला गडद तपकिरी जेल पेन्सिल.

सुरुवात चहाच्या रंगापासून करा. हा ट्रान्झिशनचा रंग, म्हणजे त्वचा आणि गडद रंग यांच्यामधला दुवा. तो तुमच्या त्वचेपेक्षा एक-दोन छटाच गडद असावा. आरसा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि डोळे उघडे ठेवून सरळ समोर पाहा. तुमच्या डोळ्यांच्या ठेवणीसाठी ही गोष्ट अत्यावश्यक आहे. डोळा मिटून, भुवई वर ताणून घडी शोधली आणि तिथे रंग भरला, तर डोळा उघडताच तो सगळा आत जातो. उघड्या डोळ्याने पाहत, नैसर्गिक घडीच्या चार-पाच मिलिमीटर वर, जिथे हाडाची कड बोटाला लागते तिथे हा रंग लावा. ब्रश लेखणीसारखा जवळून धरू नका, दांडीच्या शेवटाकडे धरा, म्हणजे दाब आपोआप कमी होतो. रंग घेतल्यावर दांडी मनगटावर दोनदा आपटून जास्तीची पावडर झाडा. मग गाडीचा वायपर फिरतो तसा ब्रश डावी-उजवीकडे फिरवा, बाहेरच्या कोपऱ्यापासून आत यायचे आणि आतला एक तृतीयांश भाग मोकळा सोडायचा. तीन वेळा थोडा थोडा रंग घ्या, एकदम भरपूर नको. या टप्प्यावर डोळा उघडा असताना घडीच्या वर एक मंद सावली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

मग जेल पेन्सिल. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, केसांमधल्या जागा भरत रेघ काढा: आतल्या बाजूला जेमतेम एक मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला तीन. ही रेघ सरळ आली नाही तरी काहीही बिघडत नाही, कारण ती लगेच पसरवायची आहे. जेल पेन्सिल मिनिटभरात घट्ट बसते आणि मग हलत नाही, त्यामुळे एका वेळी एकच डोळा घ्या. दोन्ही डोळ्यांवर रेघा काढून मग पसरवायला बसलात तर पहिल्या डोळ्यावरची कड तशीच राहील. पेन्सिल ब्रशच्या छोट्या, वर जाणाऱ्या फटकाऱ्यांनी रेघ वर ओढा आणि घडीच्या थोडे खाली थांबा. काळ्याऐवजी गडद तपकिरी पेन्सिल मी मुद्दाम सांगते आहे. काळ्याची चूक लपत नाही. तपकिरीची चूक पुढच्या रंगाखाली झाकली जाते.

त्यावर वांगी रंग चपट्या ब्रशने दाबत लावा. इथे ब्रश ओढायचा नाही, शिक्का मारतात तसा टेकवायचा आणि उचलायचा. ओढल्याने पावडर झडते आणि खालची पेन्सिलही सरकते. वांगी रंग घडीपर्यंत आला की त्याच्या वरच्या कडेवर चॉकलेटी रंग, आणि त्याची कड आधी लावलेल्या चहाच्या रंगात मिळवायची. काळा सर्वांत शेवटी, पेन्सिल ब्रशच्या टोकावर नखाएवढा, आणि फक्त केसांच्या मुळाशी, दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात. संपूर्ण पापणी काळी करण्याची गरज नाही. पाहणाऱ्याला तो डोळा काळाच दिसतो, कारण नजर सर्वांत गडद जागा पकडते आणि बाकीचे आपोआप त्यात मिळवून घेते.

आता कोरा ब्रश हातात घ्या. याला रंग लावायचा नाही, आणि रंग पुढे ढकलायचाही नाही. जिथे दोन छटा भेटतात त्या सीमेवरच अगदी लहान वर्तुळे करत फिरायचे, मध्यभागी जायचे नाही. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. कड विरघळत नाही असे दिसले की त्या संपूर्ण पापणीवर ब्रश जोरात फिरवू लागतात, सर्व छटा एकमेकींत मिसळतात आणि सगळीकडे एकच चिखलासारखा राखाडी रंग होतो. तसे झाले तर काळा अजून लावू नका. थांबा, चहाचा रंग पुन्हा घ्या आणि बाहेरच्या कडेवर ठेवा, म्हणजे हरवलेला दुवा परत येतो. मग फक्त केसांच्या मुळाशी गडद रंग पुन्हा दाबा. कड जमली की नाही, हे तपासायला आरशापासून हातभर मागे सरका आणि डोळे किलकिले करून पाहा. रंग कुठे संपतो ती रेषा सापडत असेल, तर काम बाकी आहे. माझे रंगभूषेतले गुरू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू, विद्यार्थ्यांना एका डोळ्याची कड विरघळवायला पूर्ण पाच मिनिटे देत आणि त्या पाच मिनिटांत रंगाच्या डबीला हात लावू देत नसत. ती शिस्त मी अजून पाळते.

बाहेरच्या कोपऱ्याची दिशा खालच्या पापणीच्या टोकापासून भुवईच्या शेपटीकडे जाणारी असावी. रंग त्या रेषेच्या खाली आला की डोळा थकलेला आणि उतरलेला दिसतो. हात स्थिर नसेल तर मेडिकलच्या दुकानात मिळणारी मायक्रोपोर टेप त्या रेषेवर लावा, पण आधी ती मनगटावर एक-दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करा, नाहीतर नाजूक त्वचा ओढली जाते. टेप काढल्यावर जी धारदार रेघ राहते, तीही कोऱ्या ब्रशने किंचित मऊ करा. चमक हवी असेल तर पापणीच्या मधोमध बोटाने तांबूस चमकीचा एक ठिपका आणि आतल्या कोपऱ्यात मोतिया रंगाचा अगदी लहान स्पर्श द्या. उतरलेल्या घडीवर मात्र चमक कधीही नको. चमकणारी जागा पुढे आल्यासारखी दिसते, आणि तुम्हाला तर ती मागे न्यायची आहे.

खालच्या पापणीवर बहुतेकींचा स्मोकी आय बिघडतो. आपल्याला लहानपणापासून डोळ्यांत काठोकाठ काजळ घालायची सवय असते आणि तेच काजळ रात्री गालावर सापडते. खालच्या आतल्या कडेला, म्हणजे वॉटरलाइनला, काजळ फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात लावा. त्याआधी इअरबडच्या कोरड्या टोकाने ती कड हलकेच टिपून घ्या, कारण ओल्या कडेवर कोणतेही काजळ धरत नाही. केसांच्या खाली, बाहेरच्या दोन तृतीयांश भागात, दोन मिलिमीटरहून रुंद नसलेला चॉकलेटी रंग पेन्सिल ब्रशने दाबा. ही कोरडी पावडर काजळ आणि त्वचेचे तेल यांच्यामध्ये बांधासारखी उभी राहते. डोळ्यांखालचा कन्सीलर पातळ ठेवा, त्यावर पारदर्शक पावडर पफने दाबून बसवा आणि खालच्या केसांना मस्कारा लावूच नका. पाठवणीच्या वेळी डोळ्यांत पाणी येणारच, तेव्हा टिश्यूचे टोक आतल्या कोपऱ्याला टेकवून ते शोषून घ्या. पुसायला गेलात तर केलेले सारे वाया जाईल.

वरच्या केसांसाठी आधी केस वळवणारा कर्लर आणि मग मस्कारा. मस्कारा लावल्यावर कर्लर वापरला तर केस तुटतात. तुमच्या तेलकट त्वचेसाठी मी ट्युबिंग प्रकारचा मस्कारा सुचवेन. तो प्रत्येक केसाभोवती पॉलिमरची बारीक नळी तयार करतो, त्यामुळे तेलाने पसरत नाही, आणि रात्री कोमट पाण्याने या नळ्या सुटून हातात येतात. उतरलेल्या घडीच्या डोळ्यांत वरचे केस वारंवार त्वचेला टेकतात, म्हणून साध्या मस्काऱ्याचे ठिपके भुवईखाली उमटतात. तो त्रास याने थांबेल. कृत्रिम पापण्या लावायच्याच असतील तर पूर्ण पट्टी नको, बाहेरच्या अर्ध्या भागापुरत्या आखूड घ्या, आणि त्यांचा गोंद दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून खाज येते का ते पाहा.

रंगांविषयी थोडे सांगते. साडी अंजिरी म्हणून पापणीही नेमकी अंजिरी करू नका. त्याच कुळातला, पण एक पायरी गडद आणि मंद रंग निवडा, म्हणून मी वांगी म्हटले. मोरपंखी पैठणी असती तर बाटलीचा हिरवा, आणि डाळिंबी असती तर तांबूस चॉकलेटी सुचवला असता. राखाडी रंगाचा स्मोकी आय गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर पुष्कळदा राख फासल्यासारखा दिसतो, कारण अनेक स्वस्त राखाडी आयशॅडोंमध्ये पांढरी भर जास्त असते आणि ती आपल्या त्वचेच्या उबदारपणावर वेगळी तरंगत राहते. यावरून काही जणी सावळ्या मुलींना गडद डोळे करूच नका असे सांगतात. हा सल्ला पूर्णपणे चुकीचा आहे आणि तो ऐकून गप्प बसलेल्या मुली पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटते. सावळ्या चेहऱ्यावर उबदार चॉकलेटी, तांबूस आणि काळा यांची सावली जितकी खोल आणि सुंदर दिसते, तितकी फार थोड्या चेहऱ्यांवर दिसते. फक्त पांढुरकी भर असलेले रंग टाळायचे.

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मेकअपचे सामान स्वस्त मिळते आणि मीही तिथून ब्रश, स्पंज घेते. पण डोळ्यांना लागणारी वस्तू घेताना वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि मुदत वाचल्याशिवाय घेऊ नका. पारंपरिक सुरम्याच्या बाबतीत तर अधिकच सावध राहा. त्यात शिशाचे संयुग असू शकते आणि शिसे शरीरात साठत जाते.

ज्या प्रकाशात लोक तुम्हाला पाहणार आहेत, त्याचाही विचार करा. मेकअप खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात करा, कारण त्यात कड लपत नाही. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत मात्र उबदार तपकिरी छटा एक पायरी फिकट वाटतात, म्हणून तयार झाल्यावर घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पाहून केसांच्या मुळाशी थोडा गडद रंग वाढवा. कन्सीलरवरची पावडर फार जाड ठेवली तर फ्लॅशच्या छायाचित्रांत डोळ्यांखाली पांढरे पट्टे येतात. घरातून निघण्यापूर्वी मोबाईलचा फ्लॅश लावून एक छायाचित्र काढलेत तर हे लगेच कळते. बाकी चेहरा शांत ठेवा: ओठांवर गुलाबीसर तपकिरी, भुवया नीट विंचरलेल्या आणि फार गडद न केलेल्या. नथ घालणार असाल तर ओठ आणखी साधे ठेवा, कारण नथ आणि डोळे यांच्याबरोबर तिसरी ठळक गोष्ट चेहऱ्याला सोसत नाही.

चष्म्याविषयी तुम्ही ओघात लिहिले आहे, म्हणून सांगते. लेन्स टोचू लागल्या आणि चष्मा घालावा लागला, तर मायनस नंबरच्या काचेमागे डोळे लहान दिसतात. अशा वेळी खालच्या वॉटरलाइनचे काजळ इअरबडने काढून टाका, म्हणजे डोळा पुन्हा मोकळा होईल. प्लस नंबरवाल्यांच्या काचा उलट डोळा मोठा करून दाखवतात, त्यामुळे त्यांनी कड अधिकच काळजीने विरघळवावी.

रात्री कितीही उशीर झाला तरी डोळे स्वच्छ केल्याशिवाय झोपू नका. आधी लेन्स काढा. दोन थरांचा, तेल आणि पाणी असलेला रिमूव्हर हलवून कापसावर घ्या, मिटलेल्या पापणीवर वीस-तीस सेकंद नुसता ठेवा आणि मग खालच्या दिशेने एकदाच ओढा. चोळू नका. त्यानंतर चेहरा फेसवॉशने धुवा. केसांच्या मुळाशी राहिलेला मेकअप तिथल्या ग्रंथींची तोंडे बुजवू शकतो आणि मग रांजणवाडी येण्याची शक्यता वाढते. समारंभात कितीही जवळच्या बहिणीने मागितले तरी स्वतःचे काजळ आणि मस्कारा देऊ नका. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ होती, तेव्हा मी माझ्या पेटीतली उघडलेली प्रत्येक काजळ पेन्सिल आणि मस्कारा टाकून दिला. घरातही कोणाचे डोळे आले असतील तर तेच करावे. एरवीही मस्कारा तीन महिन्यांत बदलावा.

लोकलच्या लेडीज डब्यात उभ्या उभ्या काजळ घालणाऱ्या मुली मला रोज दिसतात. त्यांचे कौशल्य मान्य करूनही सांगते, धक्क्यासरशी पेन्सिलचे टोक बुबुळाला लागले तर ती जखम साधी नसते. समारंभाला जाताना उरलेले काम गाडीत करू असे ठरवू नका, दोन्ही डोळ्यांसाठी घरीच पाऊण तास राखून ठेवा.

त्याआधी दोन संध्याकाळी सराव करा, आणि पहिल्या संध्याकाळी एकाच डोळ्यावर. दुसरा डोळा कोरा असला की किती रंग पुरला आणि कुठे जास्त झाला, हे शेजारी शेजारी दिसते. तो मेकअप तसाच ठेवून स्वयंपाक करा, गॅसजवळ उभ्या राहा, तीन तासांनी आरशात पाहा. काळे डोळ्याखाली उतरले असेल तर तुमचे क्रीम किंवा कन्सीलर बदला, आणि घडीत रेघ पडली असेल तर प्रायमर अर्धा करा. दुसऱ्या संध्याकाळी दोन्ही डोळे करून अंजिरी साडीचा पदर खांद्यावर टाका, पिवळ्या दिव्याखाली आणि फ्लॅशमध्ये एकेक छायाचित्र काढा. ती दोन छायाचित्रे आणि कोणता रंग किती वेळा घेतला याची नोंद मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे समारंभाच्या दिवशी घाईत काहीही आठवत बसावे लागणार नाही.